बरणी, शिंग आणि परमिट

मरोळच्या गावठाणातली नाताळची वाइन हवी असेल, तर गणपती उठले की निरोप धाडावा लागतो. दिवाळीनंतर विचारणाऱ्याला "या वर्षीची संपली" एवढंच उत्तर मिळतं. मग समोर बरण्या गळ्यापर्यंत भरलेल्या दिसत असल्या तरी.

माझी बरीच वर्षं आयात वाइन विकण्याच्या धंद्यात गेली. फ्रान्स-इटलीतल्या थोडक्या जमिनीवर वाइन करणाऱ्या घराण्यांच्या बाटल्या अंधेरी, पवई, बोरिवलीच्या हॉटेलांत पोचवायच्या आणि तिथल्या वेटरना त्यांच्या कथा पढवायच्या, हे काम. 'नॅचरल', 'बायोडायनॅमिक', 'घराण्याची चौथी पिढी' हे शब्द तोंडात बसले होते. त्याच अंधेरीत, मेट्रोच्या खांबांपासून दोन गल्ल्या आत, एक आंटी आजीकडून शिकलेली वाइन स्वयंपाकघरात घालत होती आणि तिचं या शब्दांवाचून काही अडत नव्हतं. मला दोन्हीकडच्या पडद्यामागे डोकावायला मिळालं. तिथलेच हे काही किस्से.

बरणीचे नियम

गावठाण ईस्ट इंडियनांचं. साष्टी बेटावरचे हे मूळ रहिवासी पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झाले, पण बोली मराठीच राहिली. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव झाला, तेव्हा नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या गोवेकरांपासून आपण वेगळे आहोत हे इंग्रजांना कळावं म्हणून त्यांनी हे नाव घेतलं. मरोळचं जुनं देऊळ, म्हणजे १५७९ चं सेंट जॉन द बाप्टिस्टचं चर्च, आज सीप्झच्या कुंपणाआड भग्नावस्थेत उभं आहे. भोवती काचेच्या इमारती झाल्या, पण गावठाणात आगेऱ्याला, म्हणजे सुगीच्या सणाला, नवं भात अजून चर्चमध्ये जातं आणि लग्नात 'उंबराचं पाणी' आणायला बँड लावून विहिरीवर जातात. त्या मिरवणुकीत मसाले घालून केलेलं 'खिमट' हे मद्य फिरतं. वाइन मात्र नाताळची.

इथे पहिली अडचण पंचांगाची. नाशिक-सांगलीची द्राक्षं बाजारात येतात जानेवारी ते एप्रिल आणि नाताळ डिसेंबरात. म्हणून गावठाणात दोन पंथ आहेत. एक पंथ काळ्या मनुकांचा: मनुका बारा महिने मिळतात, गोडी दाट येते. दुसरा 'बेंगलोर ब्लू' या काळ्या, जाड सालीच्या, बियांच्या द्राक्षाचा. बंगळूरच्या बाजूला त्याला वर्षात दोनदा बहर येतो, त्यामुळे ते पावसाळ्याच्या शेवटालाही हाती लागतं. दोन्ही पंथ एकमेकांच्या वाइनला 'सरबत' म्हणतात.

कृती कुणीही सांगतं. द्राक्षं निवडून, पुसून, कोरडी करून चिनी मातीच्या बरणीत कुस्करायची. साखर, उकळून गार केलेलं पाणी, मूठभर गहू, चिमूट यीस्ट. तोंडाला मलमलचं फडकं. रोज एकदा लाकडी डावाने ढवळायचं, एकविसाव्या दिवशी गाळायचं, मग साका खाली बसेपर्यंत हात लावायचा नाही. कृतीत न येणाऱ्या गोष्टी आंटीने पुढे ओळख वाढली तशा सांगितल्या. गहू चवीसाठी नसतो, तो यीस्टचा खाऊ. दाणा फुगून तरंगला की आत काम चालू आहे हे कळतं. रंग फिका आला तर थोडी साखर जाळून पाकात टाकतात आणि मग तो गडद लाल रंग द्राक्षाचाच, असं शेजारणीला सांगतात. डाव सांबाराला लागलेला चालत नाही. तांब्या-पितळेचं भांडं तर घरातही दिसता कामा नये.

फ्रान्समधला नॅचरल वाइनवाला हे ऐकून कान धरेल. वरून साखर? पावाचं यीस्ट? त्यांच्याकडे २०२० पासून 'व्हॅ मेथॉद नातुर' हे चिन्ह मिळतं. त्याच्या अटींनुसार द्राक्षं हाताने खुडलेली आणि सेंद्रिय हवीत, आंबवण सालीवरच्या नि हवेतल्या यीस्टने व्हायला हवी, आणि सल्फाइट एकतर नकोच, घातलं तर लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत. त्या मापाने आंटी नापास. पण गंमत अशी की हवेतल्या यीस्टचं ज्ञान गावठाणाला नवं नाही. पूर्वी 'फुगे' या तळलेल्या पावांचं पीठ ताडीवर फुगवत. पहाटेची गोड ताडी दुपारपर्यंत आपोआप चढते, तिला कुणी काही घालत नाही. गोराई-मनोरीच्या माडा-ताडांवर युरोपातल्या फॅशनच्या कित्येक पिढ्या आधीपासून हे चालू होतं. वाइनला मात्र साखरेचा आणि यीस्टचा आधार का? कारण तीस अंशांच्या स्वयंपाकघरात नुसत्या नशिबावर सोडलेला रस व्हिनेगर व्हायला वेळ लागत नाही. तळघर बारा-चौदा अंशांवर असणाऱ्याला सबुरी परवडते.

घाई केली की काय होतं, तो किस्सा गावठाणात अजून हसत सांगतात. मुंबईबाहेरून आलेल्या एका सुनेने वाइन पुरती निवळायच्या आधी कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत भरली, झाकणं घट्ट आवळली आणि उजेड नको म्हणून कपाटात ठेवली. आंबवण थांबलेली नव्हती. मध्यरात्री एकामागून एक आवाज झाले. सासऱ्यांना वाटलं, गल्लीत आत्तापासूनच फटाके. सकाळी कपाट उघडलं तर सासूबाईंचं लग्नातलं लुगडं जांभळं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "रंग चांगला आलाय. आता चव बघू."

बंदी घातलेलं द्राक्ष

इटलीच्या ईशान्येकडचं एक जोडपं मुंबईत आलं होतं. छोटी वायनरी, नवरा-बायको आणि एक मुलगा एवढाच कारभार. हॉटेलातली टेस्टिंग संपल्यावर मी त्यांना मरोळला नेलं. आंटीने बेंगलोर ब्लूची वाइन छोट्या ग्लासांत दिली. बाईंनी ग्लास नाकाशी नेला आणि नवऱ्याकडे पाहून हसल्या. "उवा फ्रागोला!" म्हणजे स्ट्रॉबेरी द्राक्ष. त्यांच्या आजीच्या परसात मांडवावर हाच वेल होता म्हणे.

खरंच होता. बेंगलोर ब्लू ही अमेरिकन रक्ताची जात, द्राक्षतज्ज्ञ तिला इसाबेलाच मानतात. इसाबेला युरोपात गेली एकोणिसाव्या शतकात. पुढे भुरी रोग आणि मुळं खाणारी फिलॉक्सेरा कीड या दोन्ही आपत्ती अमेरिकेतूनच आल्या आणि युरोपच्या बागा बसल्या, तेव्हा तग धरणारे अमेरिकन वेल गरीब शेतकऱ्यांनी मांडवांवर चढवले. पुढे फ्रान्समध्ये वाइनचा महापूर आला, भाव कोसळले आणि सरकारने १९३४ च्या डिसेंबरात कायदा करून इसाबेलासकट सहा संकरित जातींवर बंदी घातली. ही वाइन पिऊन माणूस वेडा होतो, असंही तेव्हा पसरवलं गेलं. इटलीत आजही या द्राक्षाची 'फ्रागोलिनो' वाइन घरच्यांसाठी करता येते, वाइन म्हणून विकता येत नाही.

यात एक विसंगती आहे आणि ती त्या इटालियन नवऱ्यानेच बोलून दाखवली. नॅचरल वाइनवाले ज्या नाजूक जाती लावतात, त्यांना सेंद्रिय पद्धतीतही तांबं फवारावं लागतं. युरोपचा नियम हेक्टरी वर्षाला सरासरी चार किलोचा. इसाबेलाला औषध फारसं लागत नाही. म्हणजे ज्या वेलाला निसर्ग स्वतः सांभाळतो, तोच बाजाराबाहेर. ऑस्ट्रियातल्या बुर्गेनलांडमध्ये मात्र लोक हटून बसले. अशाच संकरित वेलांची 'ऊहूडलर' ही त्यांची वाइन १९९२ मध्ये पुन्हा विकायला मोकळी झाली.

आंटीला मी हे सगळं मराठीत सांगितलं. तिने विचारलं, "मग यांच्या आजीने बंदीनंतर काय केलं?" बाई म्हणाल्या, "तेच, जे आधी करत होती. फक्त पाव्हण्यांना सांगणं बंद केलं." दोघी इतक्या हसल्या की भाषांतराची गरज उरली नाही.

गढूळ बाटली

अंधेरीतल्या एका रेस्तराँत माझ्याच यादीतली फ्रेंच बाटली परत आली. कारण: "खराब झालीय, तळाला कचरा आहे." तो कचरा म्हणजे साका. न गाळलेल्या वाइनमध्ये तो असणारच. वेटरला मी ही गोष्ट आधी पढवली होती, पण साडेआठच्या गर्दीत ती कोण सांगणार?

गोष्ट अशी की दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातली शेती रसायनांवर गेली आणि वाइनही तशी एकसाची होऊ लागली. बोजोलेमध्ये ज्यूल शोव्हे हा वाइनव्यापारी आणि रसायनशास्त्राचा जाणकार होता. निरोगी द्राक्ष आणि स्वच्छ काम असेल तर सल्फरशिवायही वाइन उभी राहते, हे त्याने दाखवलं. मॉर्गाँच्या मार्सेल लापिएर याने ते घरच्या मळ्यात उतरवलं आणि पॅरिसच्या छोट्या गुत्त्यांनी ती वाइन डोक्यावर घेतली. इटलीच्या सीमेवर योश्को ग्राव्हनेर याने तर महागडी आधुनिक यंत्रणा बाजूला सारून जॉर्जियातून मातीचे मोठे रांजण आणले आणि ते जमिनीत पुरून त्यात द्राक्षं सालीसकट आंबवायला सुरुवात केली.

हे सगळं ऐकायला सुंदर. पण सल्फर हा वाइनचा प्रवासातला पहारेकरी. तो काढला की बाटली घरापासून लांब जायला घाबरते. न्हावा-शेव्याला मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या कंटेनरमधून ती मुंबईत उतरते, तेव्हा आत काय झालं असेल हे बूच काढल्याशिवाय कळत नाही. त्यावर वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयातशुल्क, आणि राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याकडे प्रत्येक लेबलची वेगळी नोंदणी, वेगळी फी. मोठ्या कंपनीला ती फी लाखो बाटल्यांवर वाटता येते. चार प्रकारच्या थोड्याथोड्या बाटल्या करणाऱ्या घराण्याला चारही लेबलांची फी तेवढीच. म्हणून आमच्या यादीत छोट्या घराण्यांची एकेकच वाइन असायची आणि ग्राहकाला वाटायचं, हे लोक एवढंच करतात.

शिंग कुठून आणलं?

घाटकोपरच्या एका घरगुती समारंभात वाइनची ओळख करून द्यायला गेलो होतो. यजमान गुजराती, बरेच पाहुणे जैन, घेणारे मोजकेच. पहिला प्रश्न द्राक्षाचा नव्हता. "यात अंडं असतं, हे खरं का?" प्रश्न अगदी योग्य होता. वाइन निवळण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक, माशाच्या पिशवीपासून केलेला पदार्थ, जिलेटिन किंवा दुधातलं केसीन वापरण्याची जुनी रीत आहे. मी छाती काढून सांगितलं, नॅचरल वाइनमध्ये यातलं काहीच नाही, म्हणूनच ती गढूळ. सगळे खूश.

मग एका काकूंनी दुसऱ्या बाटलीबरोबरचं माहितीपत्रक उचललं. ती बायोडायनॅमिक होती. रुडोल्फ श्टायनरने १९२४ मध्ये कोबरविट्झला दिलेल्या व्याख्यानांतून ही शेती निघाली. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचं, वसंतात काढायचं, त्यातलं चिमूटभर घेऊन पाण्यात टाकून तासभर एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने भोवरा पडेपर्यंत घुसळायचं आणि शिंपडायचं. काकूंनी चष्मा वर केला. "शिंग कुठून आणलं? गाय जिवंत असते का?" माझ्याकडे उत्तर होतं, पण त्या खोलीत देण्यासारखं नव्हतं. पुढच्या परिच्छेदात एक वनस्पती हरणाच्या मूत्राशयात आणि दुसरी गाईच्या आतड्यात भरण्याची कृती होती, ती त्यांनी वाचण्याआधी मी सरबताची चौकशी केली.

मुलुंडहून आलेले एक मराठी गृहस्थ कोपऱ्यात शांत बसले होते. गावी थोडी शेती असलेले. ते म्हणाले, "शेण पाण्यात घुसळायचं यात यांनी नवीन काय केलं? आमच्याकडे सुभाष पाळेकरांचं जीवामृत. दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, दोनशे लिटर पाणी. शिंग गाईच्या डोक्यावरच राहतं." त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त टाळ्या त्यांना. चंद्र पाहून वाइन चाखायची युरोपी रीतही त्यांना पटली. २००९ च्या सुमारास इंग्लंडमधली मोठी दुकानं समीक्षकांना चाखायला बोलवताना मारिया थूनच्या चांद्र दिनदर्शिकेतले चांगले दिवस पाहत, हे ऐकून म्हणाले, "म्हणजे दाते पंचांग तिकडेही खपेल."

नाशिकला हे का जमत नाही

मग महाराष्ट्रातल्या वायनऱ्या अशी नॅचरल वाइन का करत नाहीत, हा प्रश्न मला हॉटेलवाले हमखास विचारत. उत्तर वेलाच्या झोपेत आहे. युरोपातला वेल थंडीत पानं गाळून झोपतो, कीडही बरीचशी मरते. नाशिक, नारायणगाव, सांगलीत तो झोपतच नाही. म्हणून आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या: एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला, ऑक्टोबरची गोडी छाटणी फळाला. ऑक्टोबरात पाऊस रेंगाळला की डावणी हा बुरशीचा रोग येतो आणि कोवळा घड बघता बघता जातो. तेव्हा बागायतदार बोर्डो मिश्रणाचा पंप पाठीवर घेऊन पहाटेच बागेत असतो. त्याला 'काही करू नका' हे तत्त्वज्ञान सांगायला मला कधी धीर झाला नाही.

तरी प्रयोगाची परंपरा इथेही आहे. गणिताचे शिक्षक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'तून तासगावच्या बाजूच्या द्राक्षबागायतदारांना आपापली बाग हीच प्रयोगशाळा समजायला शिकवलं. आणि छोटं, घरचं, स्थानिक असं काही पाहायचं तर बोरिवलीहून गाडी धरून डहाणूच्या पुढे घोलवडला उतरावं. तिथल्या बोर्डीत प्रियांका सावे आणि त्यांचे पती नागेश पै यांनी 'हिल झिल वाइन्स' उभी केली ती चिकूवर. पिकला की लगेच हलवावा लागणारा आणि भाव पडला की बागेतच सडणारा चिकू त्यांनी बाटलीत भरला. द्राक्षाचा हट्ट सोडला की आपल्या हवेत काय पिकतं, हे दिसायला लागतं. हे मला फ्रेंच माहितीपत्रकांत कधी सापडलं नाही.

वेदी आणि परमिट

मुंबई उपनगरात वाइनचा सर्वांत कडक नियम कुठे असेल तर चर्चच्या वेदीवर. मिस्सासाठीची वाइन शुद्ध द्राक्षाची, नैसर्गिक आणि न बिघडलेली हवी, असं चर्चचा कायदाच सांगतो. एका वर्षी आंटीची वाइन फारच उतरली. तिने एक बाटली फादरांकडे नेली: "वेदीवर ठेवा." फादरांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आंटी, यात साखर आहे, गहू आहे. येशूच्या टेबलावर चालणार नाही. माझ्या टेबलावर रोज चालेल."

सरकारचा कायदा आणखी वेगळा. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून लागू आहे, आणि परवान्याशिवाय वाइन करणं त्याच्या लेखी गुन्हाच. धार्मिक विधीच्या वाइनला त्यात सवलत आहे, घरच्या बरणीला नाही. पिणाऱ्यालाही परमिट हवं: एका दिवसाचं पाच रुपयांत, आयुष्यभराचं हजारात, आणि तेही कागदोपत्री प्रकृती सांभाळण्यासाठी. १९५० नंतरच्या कडक बंदीत चोरट्या दारूचा 'आंटीचा अड्डा' हा शब्द मुंबईत रुळला आणि सिनेमाने तो विनोदाला वापरला. गावठाणातल्या बायकांना तो अजून बोचतो. "भट्टी वेगळी, बरणी वेगळी," आंटी मला बजावायची. "भट्टी पैशासाठी लावायचे. बरणी सणासाठी." म्हणून ती कधी किंमत सांगत नाही. 'साखरेचे पैसे' घेते, तेही ओळखीच्याकडून.

२७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला मान्यता दिली. अण्णा हजाऱ्यांपासून अनेकांनी विरोध केला आणि निर्णय कागदावरच राहिला. त्या वादात शेतकऱ्याचं भलं आणि समाजाचं नुकसान, दोन्ही बाजूंनी खूप बोललं गेलं. बरणीची आठवण कुणालाच झाली नाही. मला तेव्हा वाटलं, हीच वेळ आहे. गोव्याने फेणीला भौगोलिक मानांकन मिळवून दिलं, तिला वारशाचा दर्जा दिला. बुर्गेनलांडने ऊहूडलर सोडवून घेतली. मग ईस्ट इंडियन वाइनसाठी एखादा छोटा, स्वस्त, घरगुती परवाना का नसावा? लेबल असेल, ठरावीक मर्यादा असेल, तपासणी असेल, बाईच्या कष्टाला उघड दाम मिळेल.

उत्साहाने मी हा बेत आंटीला सांगितला. वकील शोधतो म्हणालो, अर्जाचा मसुदा मी करतो म्हणालो. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. माझ्या धंद्यातली माणसं लेबल, चिन्ह, पदक आणि माहितीपत्रक यांतून जी गोष्ट विकत घ्यायला बघत होती, ती तिच्याकडे आधीपासून होती आणि तिला तिची किंमत पक्की ठाऊक होती. ती म्हणाली, "लायसन घेतलं, तर दारात आलेल्या अनोळखी माणसाला मी नाही कसं म्हणणार?"